कमरेच्या स्कॅनमध्ये न सापडलेले कपाट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

लिहून देणारा मी, तुझा थोरला भाऊ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा सुतारकाम, पूर्ण शुद्धीवर असून पुढीलप्रमाणे कळवितो.

जिन्यावरून गिऱ्हाइकाचे कपाट उतरविताना तू तुझ्या बाजूचे टोक आधी सोडलेस आणि माझी कंबर कायमची गेली, असे मी अकरा वर्षे चारचौघांत सांगत आलो. तुझ्या घराची पायरीही चढलो नाही.

काल कमरेच्या स्कॅनचा रिपोर्ट मिळाला. खालच्या दोन मणक्यांमधली फट जवळजवळ बुजलेली दिसताच मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "हे पाहा, हे माझ्या भावाचे काम."

त्या हसल्या. "आजोबा, ही वयाची झीज आहे. तुमच्या वयाच्या बहुतेकांच्या स्कॅनमध्ये हीच दिसते, आणि त्यातले कित्येक जण मजेत हिंडतात. जुन्या मोडतोडीची खूण कुठेच नाही."

"म्हणजे माझे दुखणे खोटे?"

"दुखणं खरं आहे. पण ते कपाटामुळेच, असं काही हा स्कॅन सांगत नाही. रोज थोडं चालायला लागा."

सबब, तुझ्यावरील आरोप मागे घेण्यात येत आहे.

हे पत्र टपालात टाकणार नाही. रविवारी मी स्वतः येणार आहे. तुझ्यासमोर नीट बोलता यावे म्हणून आधी लिहून पाहिले.

तुझा,
थोरला

समक्ष हजर: माझी पत्नी. तिला हे वाचून दाखविले असता ती म्हणाली, "एवढं पाल्हाळ कशाला? चुकलो म्हणायचं आणि चहा मागायचा."