न धडकणारे आयन

भाईंदर पूर्व, मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

दोन वर्षं मी कोलायडरमधले, म्हणजे कण एकमेकांवर आदळवायच्या यंत्रातले, समोरासमोर धडकणारे शिशाचे आयनच मोजत बसले. नुसते एकमेकांजवळून जाणारे? प्रोग्राममध्ये मी त्यांचं नावच 'सुखरूप' ठेवलं होतं. आणि आज गणितातून निघालं की घात तेच करतात! जवळून जाताना तिथेच जन्मलेला एखादा इलेक्ट्रॉन चिकटतो, मग आयनाचा विद्युतभार घटतो, चुंबकामुळे तो जरा कमी वळतो आणि थेट नळीच्या भिंतीवर आदळतो. सगळे एकाच जागी. तिथलं थंडगार चुंबक तापून बंदच पडणार. मी सुचवलेला आयनांचा दाट झोत त्या यंत्राला झेपणारच नाही. उद्या माझ्या गाईड सरांना काय सांगू?

संध्याकाळी चहा पिताना बाबांना सांगितलं. त्यांची हयात मिठागरात गेली.

"सगळे एकाच जागी?"

"हो."

"आमचा बांध पन एकाच जागी फुटायचा. भरती आली की आम्ही पयलं तिथंच बघायचो." कप खाली ठेवून म्हणाले, "दोन वर्षांत तू तिथं एकदा पन बघितलं न्हाय?"

नाही बघितलं. सुखरूप लिहून ठेवलं होतं ना.