मुन्नाच्या राहिलेल्या दोन सुया

लाडक्या मुन्ना,

सहावीत शाळा सोडली तवापासून हातात पेन धरला नव्हता. आज धरला. दवाखान्यातून आली तवापासून डोक्यात नुसती आग हाय. घरात कोणाले सांगू? बोलाले गेली का मायी जीभच उचलत नाही. म्हणून तुले लिहून राहिली.

छबीले चोरून घेऊन गेली होती. छबी म्हणजे तुयी लहान बहीण. तू गेला तवा ती आईच्या पोटात होती, आता आठ महिन्यांची झाली. तिलेबी तुयासारखीच ट्रिपलच्या लसीची पहिली सुई कन्हानले देली. आईचं बाळंतपण माहेरी, म्हणून सुई तिकडं, अन् कार्डबी तिकडंच राहिलं.

मी खाली मान घालून नर्सबाईले म्हटलं, "कार्ड नाही जी."

"मंग काय झालं? नवं बनवते. एक झाली ना? राहिलेल्या दोन देऊन टाकू."

"पहिल्यापासून सुरू नाही करा लागत? कन्हानलेच नाही न्या लागत?"

"नाही वं! उशीर झाला तरी पुढचीच देतो. कुठंबी घे."

बस! एवढंच होतं, मुन्ना! एवढंच!

तुया वेळेस आपल्या वाडीतल्या साऱ्या बाया म्हणत, जिथं सुरू केली तिथंच पुऱ्या करा लागतात. आईनं तरी मले इथल्याच दवाखान्यात धाडलं. तुले कडेवर घेऊन लाइनीत उभी होती मी. नर्सबाईनं विचारलं, "कार्ड?" तुयंबी कार्ड कन्हानलेच राहिलं होतं, पण मले ते सांगताच आलं नाही. मागची एक जण म्हणे, "काहून वं, शाळा सोडली तं तोंडबी तिथंच ठेवून आली का?" साऱ्या हासल्या. मी तुले घेऊन पळाली. मांगून नर्सबाई "अवं थांब, थांब" म्हणत होती. काहून नाही थांबली मी?

घरी आईनं विचारलं, "देली का सुई?"

मी म्हटलं, "हो."

"रडला का?"

"थोडासा."

अन् तू! आईकडं पाहून खुदुखुदु हासत होता. थोडं तरी रडायचं होतं ना गा! आई म्हणे, "यावेळी तापबी नाही आला, बरं झालं." तिसऱ्या सुईच्या दिवशी तं मी दवाखान्याकडं गेलीच नाही. अमरावती रोडवर तुले ट्रक दाखवत बसली. तू हात हालवत होता. अन् घरी येऊन पुन्हा "हो."

दोन वर्षांचा झाला अन् तुया गळा सुजला. घशात पडदा धरला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "ट्रिपलच्या सुया झाल्या?" आई म्हणे, "तिन्ही झाल्या जी." मी दरवाजापाशी तुया शर्ट धरून उभी होती. तवाबी नाही बोलली. घटसर्प म्हणतात म्हणे त्याले. मले मायाच राग येते, त्या हासणाऱ्या बायाईचाबी येते, अन् खरं सांगू? कधी कधी तुयाबी येते. मले असं सोडून जायचं होतं का?

आज नर्सबाई म्हणे, "मायले घेऊन ये, पहिली सुई कवा देली ते तिलेच विचारते." घरी येऊन आईले कसाबसा तेवढा निरोप सांगितला. आई बारदाना शिवत होती. सुई थांबवली नाही तिनं.

"मुन्नाले तिन्ही देल्या होत्या ना? वाचला का? मंग या पोरीले फुकट तापात काहून पाडू?"

तिचं काय चुकलं, सांग! मायाच खोट्यावर ती छबीले घरात घेऊन बसली हाय. अन् समोरच्या चाळीत एक पोट्टं खोकून राहिलं दोन दिवसांपासून.

हे पत्र आईच्या हातात देऊन मोकळी झाली असती. पण आईले वाचता येत नाही. तोंडानंच सांगा लागन.

तं ऐक, मुन्ना. उद्या आई गोदामात जायच्या आधी मी तिच्यापुढं उभी राहीन, अन् सांगीन का तुले एकच सुई मिळाली होती. ती मारीन. मारू दे. पुन्हा कधी मायासंग बोलणार नाही, तरी चालन. पण त्याच पावली तिले अन् छबीले दवाखान्यात नेईन. यावेळी पळणार नाही, तुयी शपथ.

तुयी ताई,
शकू