पाळकबाईचं लग्न कोण लावणार?

दादा,

हे पत्र पाठवणार नाही. मी कॉलेज का सोडलं, तेच तू आधी विचारशील.

घड्याळवाल्यांची मुलगी ईश्वरविज्ञान शिकून आली. तिला आपल्या चर्चची पाळक नेमावं का, यावर आज मतदान होतं. खजिनदारकाका म्हणाले, "बाई पाळक झाली, तर तिचं लग्न कोण लावणार? ती स्वतःच?" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. उठून म्हणालो, "लग्न माझ्याशी होणार आहे, काळजी मी करीन." तिला मी अजून विचारलंसुद्धा नव्हतं.

ती निवडून आली. दाराशी मला गाठून म्हणाली, "पाळक म्हणून सांगते, सभेत मध्येच बोलायचं नाही. आणि घरची म्हणून सांगते, उद्या आईला घेऊन ये."

तुझा,
बिनडिग्रीचा, पण लग्न ठरत आलेला भाऊ