बिबट्या असता तर

४ मार्च, सावदा
आले बाई एकदाची. बी.एस्सी.चा निकाल लागल्यापासून शिंदखेड्यात जो तो विचारायचा, "मग पुढं काय?" आता ऐटीत सांगता येईल, वन्यजीव संवर्धनात इंटर्न. संस्था म्हणजे सर, एक खटारा जीप आणि आजपासून मी. दिवसभर 'बिबट्या दिसल्यास काय करावे'च्या पत्रकांना घड्या घातल्या. पाहिलेले वन्यजीव: ऑफिसातली पाल.
आईचा फोन. "जेवनी का? करमत नही तं घर ये, बी.एड.नं ॲडमिशन अजून व्हई जाई."
करमतंय म्हटलं.

७ मार्च
पुन्हा पत्रकं. सर सांगत होते, मागं एका गावात बिबट्याच्या धास्तीनं लोकांनी एका मेलेल्या बोकडात विष घातलं. बिबट्या मेला, कोल्हे मेले, गावातली कुत्रीही मेली. सांगून झाल्यावर सरांनी शांतपणे चहा मागवला. मला नाही गेला.

९ मार्च
नानांचा फोन, केळीच्या मळ्यात बिबट्याची तीन पिल्लं! नाना म्हणजे मळ्याचे मालक. सर जळगावला, म्हणून मी एकटीच गेले. बांधावर जत्रा. पिल्लं या हातातून त्या हातात, फोटो चाललेत. कापणीचे मजूर लांब उभे, आत पाय टाकायला तयार नाहीत.
नीट पाहिलं. अंगावर एक ठिपका नाही, पायांवर पुसट पट्टे. मोठ्यानं म्हणाले, "बिबट्या नाही, रानमांजर आहे." काय रुबाब माझा! तीन वर्षांच्या शिक्षणाचा पहिल्यांदा उपयोग झाला.
गर्दी पाच मिनिटांत गायब. वनरक्षक भाऊ म्हणाले, "हात्तिच्या, मांजर होय," आणि गाडीला किक मारली. मजुरांनी कोयते उचलले नि कापणी सुरू.
पिल्लं जिथं सापडली तिथंच क्रेटमध्ये ठेवून आले. संध्याकाळी शांत झालं की आई येऊन नेते. सर फोनवर "शाब्बास" म्हणाले.

१० मार्च
तिन्ही तिथंच. आई आली नाही. कशी येणार? अंधार पडेपर्यंत ट्रॅक्टर, घडांची ओढाओढ, मोबाईलवर गाणी. माझ्यासमोर आडोसा कमी कमी होत गेला.
नानांना म्हटलं, दोन दिवस थांबा ना. "व्यापाऱ्याची गाडी लागेल हाये वं पोरी. बिबट्या राह्यता तं मजूरच आले नस्ते. मंग थांबलोच अस्तो."
म्हणजे मी तोंड बंद ठेवलं असतं तर झालं असतं. शहाणी!
तरी नानांनी पिल्लांजवळची एक ओळ न कापता राखून ठेवली. भला माणूस.
सरांकडे कॅमेरा मागितला, झाडाला बांधून ठेवायचा तो. "तो बिबट्यासाठी आहे."

११ मार्च
धाकटं गेलं. दुपारी पाजायला तिघांना बांधावर आणलं होतं, ते ड्रॉपरनं दूध घेतच नव्हतं. तळहाताएवढं. केळीच्या बुडाशी पुरलं. रडले, मजुरांसमोरच. एक बाई पाणी घेऊन आली.
सर: "होतं असं. फोटो पाठव, ग्रुपवर टाकू. पहिल्या दिवशीचा पाठव."
उरलेल्या दोघांना संध्याकाळी परत जागेवर ठेवलं.

१२ मार्च
क्रेट उलटा. दोघंही नाहीत. जमिनीवर मजुरांचे ठसे, कुत्र्यांचे ठसे, सगळा काला. आईनं नेली की कुत्र्यांनी? रक्त नाही. पण इतक्या लहान जिवाचं रक्त पाचोळ्यात दिसणार तरी किती…
सरांनी लिहायला सांगितलं, 'पिल्लांची आईशी यशस्वी भेट.'
"सर, आपण पाहिलं नाही."
"नाही भेटली हे तरी कुठं पाहिलंस?"
लिहिलं. ग्रुपवर अंगठेच अंगठे. मला माझीच किळस आली.

१३ मार्च
राखलेली ओळही गेली. आता मळ्याच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत आरपार दिसतं. घरी जायला पिशवी भरून ठेवली. आईला अजून सांगितलं नाही.

१५ मार्च
सकाळीच नानांचा फोन. शेजारच्या, त्यांच्या भावाच्या मळ्यात आज कापणी. मजुरांना पाचोळ्यात पिल्लू दिसलं, जवळून काहीतरी मोठं, मातकट रंगाचं पळालं. सगळे बाहेर येऊन उभे.
एक तरी जिवंत आहे. आई आहे!
नाना म्हणाले, "बिबट्याचं का मांजरीचं, तू येऊन सांग. मांजर असंन तं लागतीन कामाले. बिबट्या असंन तं मंग काय करायचं ते गाव पाहीन."
गाव पाहील. म्हणजे तो विषाचा बोकड.
सरांना फोन लावला, उचलत नाहीत. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. नानांनी मोटरसायकल पाठवलीय, बाहेर हॉर्न वाजतोय. मळ्यापर्यंत फार तर दहा मिनिटं. तिथं सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे असतील, आणि काय सांगायचं ते मला अजून