कागदावरचा उजवा पाय

दरेकसा
११ जून २००६

चि. सौ. अल्का हिस,
बाईचे जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघंही खुशाल. तुम्हा सर्वांची खुशाली कळव.

पत्रासोबत कागद आहे तो कचरा समजून फेकू नकोस. तो माझा उजवा पाय आहे. इथल्या बाजारातली चप्पल मला होत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. आपली आई म्हणायची की थोरल्या लीलाचा पाय म्हणजे बदकाचा. तेव्हा गोंदियाच्या गुलाबचंदच्या दुकानात हा कागद दाखव आणि रुंद पंजाची चप्पल घे. यंदा दसऱ्याला दीक्षेची पन्नास वर्षं होतात. सगळं गाव नागपूरला जाणार आणि मीही जाणार. आजवर दर वर्षी कधी गाय व्यायला आली, कधी धान कापणीला आलं. यंदा जग इकडचं तिकडे झालं तरी मी थांबणार नाही.

माप यांनीच काढलंय. सुताराची पेन्सिल आहे, एक सूतही इकडेतिकडे व्हायचं नाही. करंगळीच्या मुळाशी काळा ठिपका दिसेल. तो डाग नाही, तीळ आहे! होळीच्या सुमाराला उगवला. तळपायाला तीळ असला की बाई मुलुख पाहते, असं आई म्हणायची ना? तुझ्या पायाला जन्मापासून होता, म्हणून तू शिकलीस, मास्तरीण झालीस आणि फुलचूरला घर बांधलंस. माझ्या पायाला नव्हता म्हणून मी बिब्ब्याने काढला होता आणि आठ दिवस लंगडत होते. आता न मागता मिळाला. आहे तेवढाच यांनी कागदावर काढलाय, मोहरीएवढा.

दुपारी गाडी बोगद्यात शिरते तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकते. आवाज आत जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. तेवढ्या वेळात मी कुठल्या कुठे जाऊन येते.

माया आटू देऊ नकोस. आमचे जावई रत्नपाल यांना जयभीम सांग.
तुझी,
बाई


फुलचूर
२८ जून २००६

ती. बाईस,
अल्काचा सविनय जयभीम वि. वि.

चप्पल आमच्या शेजारच्या यादोरावांबरोबर पाठवली आहे. ते रेल्वे लाइनवर कामाला दरेकशालाच येतात, घरी आणून देतील. गुलाबचंदने तुझा कागद आपल्या खिळ्याला टांगून ठेवलाय. म्हणतो की असं साफ माप कोणी देतच नाही. दाजींना सांग, तेवढेच फुगतील.

आता रागावू नकोस. आमच्या शाळेत तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सहज तुझ्या तिळाचं बोलले, तर त्यांनी हातातलं काम थांबवलं. म्हणाल्या की जन्माचा तीळ वेगळा आणि पन्नाशीला तळपायावर नवा उगवलेला वेगळा. तो वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या होत असतील, रंग बदलत असेल, तर चामडीच्या डॉक्टरला लवकर दाखवायचा. दुखत नाही म्हणून बसून राहायचं नाही. बहुतेक वेळा काही नसतं, पण ते बघणाऱ्याने सांगायचं, आपण नाही.

तेव्हा धानाच्या रोवणीच्या आधी एक दिवस ये. सकाळच्या पॅसेंजरने आलीस तर संध्याकाळी घरी. लळा आहे तोवर बहिणीचं ऐकावं.
तुझी,
अल्का


दरेकसा
३० जुलै २००६

चि. सौ. अल्का हिस,
बाईचे जयभीम आणि आशीर्वाद. चप्पल पोचली. रंग झकास आहे.

रोवणी चालू आहे, धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल. अशात मी तीळ दाखवायला गोंदियाला निघाले तर शेजारची शामकला काय म्हणेल? बरोबरीने रोवते ती. तिला सांगितलं तर हसून म्हणाली की तिळासाठी डॉक्टर कायले, तीळ का कोणाला चावते? हे मात्र हसले नाहीत. पण बोललेही नाहीत.

मी ठरवलंय. दसऱ्याला नागपूरला जायचंच आहे. येताना तुझ्याकडे उतरते आणि तुझ्या डॉक्टरला पाय दाखवते. एका खेपेत दोन कामं. मग तर झालं?

चिखलात उभं राहिलं की पाय दिसत नाहीत. परवा रोवता रोवता वाटलं, माझे पाय इथे नाहीतच, ते बोगद्याच्या पलीकडे गेलेत आणि मी कमरेपासून वर तेवढी इथे राहिलेय. भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं.

एक तक्रार आहे. उजवी चप्पल करंगळीपाशी लागते. माप चुकलं असेल म्हणून यांनी नवा कागद काढला आहे, सोबत पाठवते. गुलाबचंदला म्हणावं, बदलून दे.

माया आहे तशी राहू दे, रुसू नकोस.
तुझी,
बाई


फुलचूर
१९ ऑगस्ट २००६

ती. बाईस,
अल्काचा जयभीम. बाकी उपचार आज राहू देत.

तुझा कागद घेऊन गुलाबचंदकडे गेले. त्याने खिळ्याचा जुना कागद काढला, नव्यावर ठेवला आणि दोन्ही दुकानाच्या काचेला लावले. म्हणाला की बाईजी, पैर तो वही है, रेघेवर रेघ बसते, चप्पल काय बदलून देऊ? मग बोट ठेवून म्हणाला की बदलला आहे तो हा काला निशान.

बाई, मीही काचेशी जाऊन बघितलं. जूनमध्ये मोहरी होती. आता मसुराच्या दाण्याएवढा आहे आणि एका बाजूने कड फाटल्यासारखी. दाजींनी ती कडसुद्धा जशीच्या तशी काढली आहे. ते बोलले नाहीत असं तू लिहिलंस. बाई, ते बोललेत, कागदावर.

चप्पल चुकली नाही. तो तीळ वर आलाय म्हणून लागते. दसऱ्याला अजून सहा आठवडे आहेत. दोन महिन्यांत एवढा वाढला, तर सहा आठवडे त्याला आणखी का द्यायचे? काही नसलं तर मी शाळेतून रजा काढून तुझी रोवणी करीन, शामकलाची बोलणीही खाईन. पण मला भीती वाटते. आई गेल्यावर मला आई म्हणून तूच आहेस, हे कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

डॉक्टरांकडे गुरुवारी, ३१ तारखेला नंबर लावला आहे. सोमवारीच ये. दोन्ही कागद परत पाठवतेय, दारात उजेडाला धरून तू स्वतः बघ.
वाट बघणारी,
अल्का


दरेकसा
२४ ऑगस्ट २००६

चि. अल्कास,
आशीर्वाद. कागद पाहिले. मी धरले होते, हे मागे उभे होते. मी विचारलं की तुम्हाला दिसलं होतं तर बोलला काऊन नाही? म्हणाले की तू त्या तिळावर इतकी खुश होऊन राहिली होती, माझ्या तोंडून निघालंच नाही.

आता तुला खरं सांगते. मला काही समजत नव्हतं असं नाही. आंघोळ करताना मी बोटाने चाचपून बघायचे. पण वाटायचं, डॉक्टरने कापून टाकला तर? एवढ्या वर्षांनी पायाला वाट मिळाली, ती दसऱ्याच्या आधीच काढून घेतील. वेडी म्हण. दसरा होईपर्यंत मला तो हवा होता.

सोमवारी येते. हेही येतात. उरलेली बांधी शामकला रोवणार आहे. कागद पाहिल्यावर ती हसली नाही.
तुझी,
बाई


नागपूर, दवाखान्यातून
३ ऑक्टोबर २००६

चि. सौ. अल्का हिस,
बाईचे जयभीम आणि आशीर्वाद.

तुझी रजा संपली म्हणून तू गेलीस, त्यानंतरची हकिकत लिहिते. काल मोठे डॉक्टर आले होते. तो चांगला तीळ नव्हताच, हे तर गोंदियाच्या डॉक्टरांनी इकडे पाठवलं तेव्हाच आपल्याला कळलं होतं. पण करंगळी गेली तेवढ्यावर निभावलं, जांघेतल्या गाठीत काही उतरलेलं नाही, असं त्यांनी यांना दोनदा सांगितलं. यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हसून तिसऱ्यांदाही सांगितलं. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं आहे. म्हणजे वर्षातून चार वेळा नागपूर. आईचं बोलणं असं खरं झालं. उशीर केला असता तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काल दसरा होता. खिडकीतून रस्ता दिसतो. सकाळपासून माणसं चालली होती, पांढरे कपडे, कडेवर लेकरं, डोक्यावर शिदोऱ्या. संपतच नव्हती. मी पाय उशीवर ठेवून बघत होते. दुपारी डोळा लागला आणि बोगद्यात गेलेली गाडी बाहेर येताना ऐकू आली. तिच्यातून आपलं सगळं गाव उतरलं, आई पण. ती माझ्या पायाकडे बघत होती आणि तिने बदक म्हटलं नाही. जागी झाले तर रस्त्यावर माणसं चाललेलीच होती. मी खूप रडले, पण ते दुःखाचं नव्हतं गं.

पुढच्या दसऱ्याला मी त्यांच्यात असेन. तू माझ्यासोबत चालायचं, शाळेचं काही सांगायचं नाही.

माया कर, आजवर केलीस त्याहून थोडी जास्त. आता मी मागून घेणार आहे.
तुझी,
बाई

ता. क. सोबत नवा कागद आहे, चार बोटांचा. पट्टी काल सैल बांधली तेव्हा यांनी माप काढलं. करंगळीच्या जागी रेघ थरथरली आहे. गुलाबचंदला म्हणावं, तिथे पाय वाकडा नाही, सुताराचा हात हलला. चप्पल सरळच दे.