सूप मोतीलालजवळ दिले नाही

जळगाव,
ता. १९ फेब्रुवारी १९५४

ती. अक्कांस सुमनचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत. धुळ्याला तुमचे गुडघे कसे आहेत ते मोतीलालला विचारले, तो म्हणाला बरे आहेत. तुमचे पत्रही त्यानेच आणून दिले. वर्षभरात तुमचे पहिलेच पत्र, म्हणून तुमच्या भावाने दोनदा वाचले. मी चारदा वाचले.

सुपडूला मंगळवारी वर्ष झाले. तुम्ही त्याचे तोंड पाहिलेले नाही म्हणून सांगते, नाक अगदी तुमच्यावर गेले आहे. काय करणार! श्रावणात पहिला दात आला, दिवाळीत गोवर. सात दिवस तो मांडीवर आणि माझा कान त्याच्या छातीवर. आता भिंत धरून चालतो आणि जमिनीवर सांडलेली डाळ वेचून खातो.

तुम्ही लिहिता, माझ्या इंदूची दोन बाळं गेली, आता तिसऱ्या वेळेला धोका नको, सुपडू जगला तेच सूप मोतीलालजवळ पाठव, मी स्वतः बाळाला उचलीन. अक्का, सूप खुंटीला आहे. वर्षभर त्यात दाणा पाखडला नाही. पण मागताना तुम्हाला तो दिवस आठवला का?

माझीही दोन गेली होती. तिसरा जगावा म्हणून बाराव्या दिवशी मी त्याला सुपात घालून मागच्या उकिरड्यावर ठेवले. आपल्यात आत्याने उचलायचे, आपला म्हणायचे, मग आईने पायलीभर ज्वारी देऊन तिच्याकडून मागून घ्यायचे. तुम्ही दारातच थांबलात. साऱ्या गल्लीदेखत म्हणालात, "दोन खाई टाकात इनी, आते हाऊ तिसरा. मी हात लावाव नही." मला दोन खाणारी ठरवून स्टेशनची वाट धरलीत.

पोर उन्हात रडत होते. मला हात लावायची सोय नव्हती. गिरणीत डाळ निवडणारी शेजारची रेवा भिंतीवरून पाहत होती, ती पदर खोचून आली. "मना पोऱ्या शे हाऊ," म्हणाली आणि उचलला. आता जावळाचे केसही तिच्याच पदरात पडतील. तुम्ही या, जेवा, पण आत्याच्या पाटावर रेवा बसेल.

खोटे कशाला लिहू? तुमच्यावरही अशी वेळ यावी म्हणून मी देवापुढे दिवा लावून मागितले आहे. तुमचे पत्र वाचून मी हसले. मोठ्याने हसले.

कारण तेव्हा इंदू माझ्या माजघरात झोपली होती.

महिन्यापूर्वी जावईबापूंनी तिला धरणगावाहून इथे आणून सोडले. सुपाच्या त्या दिवशी ती दारात तुमच्या मागेच उभी होती, तुमचे शब्द तिने ऐकले होते. मला म्हणाली, "मामी, माले मायकडे जानं नही. उद्या ती मालेबी तेच म्हनी." बाराव्या दिवसापर्यंत तुम्हाला कळवू नका, ही तिचीच अट. मला ती फार आवडली.

मुलगी झाली. काल बारावा दिवस होता. त्याच सुपात, त्याच उकिरड्यावर ठेवली आणि रेवाने उचलली. अंगाने बारीक आहे, पण रडते खणखणीत.

एक राहिले आहे. ज्वारी अजून दिलेली नाही. इंदू द्यायला निघाली होती, मीच थांबवले. म्हटले, ही पायली पोरीच्या आजीने द्यायची. तोवर पोर रेवाची. दूध प्यायला तेवढी इंदूकडे येते.

तर अक्का, मोतीलाल रिकाम्या हाताने येतो आहे, रागावू नका. तुम्ही या. पायली बरोबर आणा. त्याच दारात उभ्या राहा आणि साऱ्या गल्लीदेखत रेवापुढे पदर पसरून नात मागा. ती देईल, ती माझ्यासारखी नाही.

मी ओट्यावर बसून बघणार आहे.

दोन खाणारी आणि तिसऱ्याची आई,
सुमन