डबी चालू असताना

धामापूर, १ डिसेंबर २०२५

प्रिय यज्ञेशदादा,

मागच्या मेलमध्ये मी लिहिलं होतं की तू आपल्या घरी बसवलेली इंटरनेट मोजायची डबी विजांमुळे सारखी बंद पडते. ते चूक आहे. गेल्या पंधरवड्यात इथे एकदाही वीज चमकली नाही. शाळेत जायच्या आधी बाबांनी ओट्यावर बसवून आपल्याला लिहायला शिकवलं, तेव्हापासून चुकीचं लिहिलेलं तसंच राहिलं की मला जेवण जात नाही. केबलवाल्या दीपेशलाही मी लाइन खराब म्हणून बोलले होते. काल त्याची माफी मागितली, तर म्हणतो, "माफी नको, सोलकढी दी."

वेंगुर्ल्याची खोली ठरली. माझं काजूच्या कारखान्यातलं ऑफिस तिथून चालत जाण्यासारखं आहे, घरमालकीण सुगंधाकाकी प्रेमळ आहेत, आणि खिडकीतून वारा छान येतो. नेटचं कनेक्शन माझ्या नावावर, म्हणून ते इथलं बंद होणार, आणि तू सांगितल्याप्रमाणे डबी मी तिकडे नेणार. आधी नवा पत्ता नोंदवीन, मगच ती जोडीन. नाहीतर वेंगुर्ल्याचं नेट धामापूरच्या नावावर मोजलं जाईल. राउटरला लागणारी वायर वेगळी बांधून ठेवलीय, तरी रोज एकदा बघते.

आता खरं कारण. परवा दुपारी मी आत आले, तर बाबा डबीची पिन काढत होते. आभाळ स्वच्छ होतं. मला बघून ओशाळले नाहीत, उलट समजावल्यासारखं म्हणाले, "ही बंद पडली काय झिलाचो फोन येता." आई चुलीकडून म्हणाली, "तुझ्या बापाशीक झिल डब्यात गावता." बाबाही हसले.

खरंच आहे ते, तू त्यांना डबीतच सापडतोस. डबी बंद झाली की तुला मेल येतो, तू लगेच फोन करतोस, डबीवरचा कुठला दिवा लागलाय ते विचारतोस. बाबा पाढे म्हटल्यासारखे एकेक दिवा सांगतात. मग सुपारी, तळ्याचं पाणी, तुझी सर्दी असं करत अर्धा तास जातो. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवतात. एरवी तू मला मेसेज करतोस आणि त्यांना विचारलंय म्हणून सांग म्हणतोस.

डबी जाणार म्हटल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. स्वतः खोका शोधून दिला, आत जुनं पातळ घातलं. फक्त संध्याकाळी मला विचारलं, "मगे तेका कसा कळतला, गो?"

हे फोनवर बोलले असते, पण रेंज ओट्यावरच येते आणि तिथे बाबा बसलेले असतात. म्हणून लिहिते. दादा, डबी चालू असताना एकदा त्यांना फोन कर. दिव्यांचं काही विचारू नकोस. शनिवारपर्यंत ती चालू राहील, पिनकडे मी लक्ष ठेवीन. रविवारी, सात डिसेंबरला, मी ती काढणार आहे.

तुझीच धाकटी,
गौरजा